देठाकडची चकती

शहागड
२ मार्च २०२५

प्रीती,

जय भीम. पुढे आशीर्वाद लिहावा की नाही ते ठरेना, म्हणून तूर्त एवढंच.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. दर रविवारी अकरा वाजता मी फोन लावतो आणि तो पूर्ण वाजून बंद होतो. नऊ महिने झाले. छत्तीस वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवलं. प्रश्न विचारला आणि समोरून उत्तर आलं नाही, असं माझ्या वर्गात फार वेळ चालत नसे. तुझ्या बाबतीत चालवून घेतो आहे.

आधी कामाचं. २१ मेला तुझ्या आईला जाऊन वर्ष होईल. वसंताकाका म्हणतो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आपल्याच अंगणात करू. भंतेजींना त्याने सांगितलं आहे. पाहुणे येतील, शाळेतली जुनी माणसं येतील आणि सगळे एकच विचारतील, प्रीती कुठाय. माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून तू ये. दोन दिवसांची रजा मिळत नसेल तर एका दिवसाची काढ.

दुसरं, ती रसाची मशीन. तू जाताना ती ओट्यावरून उचलून पोत्यात घातलीस, पोत्याला गाठ मारलीस आणि धान्याच्या कोठीमागे ढकललीस. पोतं अजून तिथेच आहे. त्या दिवशीच्या रसानंतर आईला उलट्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी ती गेली, हे तू विसरली नाहीस, मीही नाही. पण मशीन तू तिच्या भल्यासाठीच पाठवली होतीस. माझ्या वहीत आकडे आहेत. जानेवारीत ज्योत्स्नाचं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं, मे महिन्यात साडेअठ्ठ्याहत्तर. उपाशीपोटी साखर एकशे अडुसष्ट होती, ती एकशे तीसवर आली. डॉक्टर म्हणतात, हे रात्रीचा भात बंद केल्यामुळे आणि गुडघे धरत का होईना, रोज गोदेच्या पुलापर्यंत चालल्यामुळे झालं. रसाचा त्यात फारसा हात नाही. असेल. पण रस सुरू झाल्यावरच ती बाकीचं पाळायला लागली, हेही तितकंच खरं आहे.

जे झालं ते झालं. कुंपणावरचा दुधीचा वेल मी उपटून टाकला.

पत्र मिळाल्याचं कळव.

तुझा पप्पा


शहागड
२३ मार्च २०२५

प्रीती,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. तुझा हट्ट माझाच आहे, तो मी ओळखतो.

काल ज्वारी दळून आणली आणि दुर्गाबाईंनी धपाटे करून दिले. आपल्या शेजारच्या दुर्गाबाई, शेळीवाल्या. एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. त्यांना वाटलं तिखट झाले.

तुझ्या आईला रस कधीच पटला नव्हता. पहिल्या दिवशी मशीनच्या एका तोंडातून रस आणि दुसऱ्यातून चोथा पडताना बघून ती म्हणाली, "हे तर उलटंच काम हाय. खायचं ते फेकायचं अन् पाणी प्यायचं." मी तिला अर्धा तास जीवनसत्त्वं समजावली. तिने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि तो चोथा ज्वारीच्या पिठात मळून त्याचे धपाटे थापले. मग रोजचंच झालं. सात वाजता रस प्यायची, दहाला भूक लागली की धपाटं खायची, आणि मी वहीत लाल शाईने लिहायचो, 'पथ्य मोडले.' मागच्या महिन्यात मी माझी साखर तपासायला गेलो, तेव्हा डॉक्टरांपाशी हा विषय काढला. ते म्हणाले, "गुरुजी, पोट भरतं ते चोथ्यानं. साखर सावकाश चढते, तीबी त्याच्यामुळंच. रस गाळला की ते सगळं तुम्ही टाकूनच दिलं." म्हणजे तिचं बरोबर होतं. ती वही मी आता उघडत नाही.

तिची दुसरी सवय तुला आठवत असेल. काकडी असो, दोडका असो की दुधी, चिरायच्या आधी देठाकडची एक चकती काढायची आणि जिभेला लावायची. तिची आई तसंच करायची, आजी तसंच करायची. मला ते उष्टं वाटायचं. प्रयोगशाळेत पोरांना माझा पहिला नियम असायचा की कुठलीच वस्तू जिभेला लावायची नाही. मी तिला चिडवायचो, म्हणायचो की तुझी जीभ म्हणजे सरकारी प्रयोगशाळा आहे. ती म्हणायची, "तुमच्या शाळेत चालत नसंल, माझ्या सैपाकात चालतंय."

तुझ्या घरी यायचं तिच्या फार मनात होतं. तू नाशकात ते चौथ्या मजल्याचं घर घेतलंस त्याच दिवाळीत ती पिशवी भरून बसली होती. मीच नको म्हणालो. लिफ्ट नाही, असल्या अंगाने मध्येच जिन्यात बसलीस तर चार लोक बघतील, आधी दहा किलो कमी कर, मग नेतो, असं म्हणालो. ती म्हणाली, "प्रीतीनं सोय करून ठिवलीय म्हणती." मी म्हणालो, "कसली सोय? लिफ्ट बसवली का तुझ्या लेकीनं?" तिने पिशवीतले लाडू डब्यात काढून ठेवले. कसली सोय, ते मी परत विचारलं नाही.

कार्यक्रमाचं लक्षात ठेव.

पप्पा


शहागड
१६ एप्रिल २०२५

प्रीती,

परवा जयंती झाली. दर वर्षी तू यायचीस, निळी साडी नेसून आईबरोबर मिरवणुकीत पुढे चालायचीस. यंदा मी ओसरीवरून मिरवणूक बघितली आणि आत आलो.

तिथेच वसंता आला. कामासाठी नाशकाला गेला होता, तेव्हा तुला भेटून आला. माझ्याकडे न बघता बोलत होता. "दादा, मी पोरीकडं गेल्तो. वाळून गेलीय बिलकुल. घरात मिक्सरसुद्धा ठिवला न्हाई तिनं. मला म्हणली, काका, आईला मी मारलं. मशीन मी पाठवली, कशात काय घालायचं ते मी लिहून दिलं, वजन कमी कर म्हणून मीच मागं लागले. पोरीनं असं म्हणल्यावर मी काय बोलणार? मला काय कळतंय त्याच्यातलं. तुम्ही बोला की."

मला वाटत होतं तू माझ्यावर चिडून गप्प आहेस. दहा-अकरा महिने मी त्या रागाला मनातल्या मनात उत्तरं देत बसलो होतो. तू स्वतःला धरून बसली असशील, हे माझ्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी तिकडे बघितलं नसेल.

नीट वाच. तू लिहून दिलेल्या यादीत काही चूक नव्हती. दुधी, पुदिना, आवळा, अर्धं लिंबू, चिमूटभर सैंधव. हे लोक रोज पितात आणि त्यांना काही होत नाही. यादीत तू कडू दुधी लिहिला नव्हतास. दुधी आपल्या कुंपणावरचा होता. गेल्या मे महिन्यात टँकर आठ दिवसांनी यायचा. वेलाला भांडी धुतलेलं पाणी, तेही जमलं तर. अशा उन्हात, पाण्यावाचून तगलेल्या वेलाचं एखादं फळ कडू निघतं आणि त्या कडवटपणातच विष असतं, असं मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते. तूही तिथे होतीस. तो दुधी कडू होता हे कोणालाच कळलं नाही. त्यात तुझा काय दोष? माझा तरी काय?

असं स्वतःला खाऊ नकोस. घरात मिक्सर आण. चटणी कशात वाटतेस?

पप्पा


शहागड
१८ मे २०२५

प्रीती,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. 'तो दुधी कडू होता हे कोणालाच कळलं नाही.' तुझ्या आईला कळलं होतं. तिने मला सांगितलं. दोनदा सांगितलं.

महिनाभर हे पान समोर ठेवून बसतो आणि उठतो. आज पुरं करतो.

गेल्या वर्षी १८ मेला जांब समर्थला वसंताच्या मेहुणीच्या पोरीचं लग्न होतं. तुझी आई तीन तास सतरंजीवर बसली आणि दुसऱ्या दिवशी तिचे गुडघे सुजले. रोज ती भाज्या चिरायची, चकती चाखायची, आणि मी फक्त मशीनचं बटण दाबायचो. त्या सकाळी मी म्हणालो, तू पडून राहा, आज सगळं मी करतो. ती हसली. "अगं बाई, गुरुजी सैपाकघरात." चौतीस वर्षांच्या संसारात मी तिच्यासाठी कधी चहासुद्धा केला नव्हता. मलाही बरं वाटत होतं. कुंपणावरून दुधी तोडला, धुतला, सोलला, चिरला. चाखला नाही. चाखायचं डोक्यातही आलं नाही. देठाकडची चकती मी सालीबरोबर टाकून दिली.

ग्लास तिच्या हातात दिला. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "कडू लागून राह्यलंय हो." मी म्हणालो, कडू असलं तर बरंच, साखर उतरेल, लोक कारल्याचा रस पितात तो काय गोड असतो का. तिने अजून एक घोट घेतला. "न्हाई हो, लईच कडू हाय. घशाला धरून राह्यलंय." तेव्हा मी जे बोललो ते तुला कळायलाच पाहिजे. मी म्हणालो, "लेकीचा चौथा मजला चढायचाय ना? मग नाटकं कशाला करतेस?"

तिने ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "तुमच्या हातचं पहिलंच हाय. टाकू कसं." आणि एका दमात पिऊन टाकला. रिकामा ग्लास माझ्या हातात देताना ती हसली.

ते हसणं मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

अर्ध्या तासात तिच्या पोटात पिळा पडला आणि उलट्या लागल्या. धपाटे थापायला ती उठणार नव्हती, म्हणून चोथा मी आधीच दुर्गाबाईंच्या शेळीपुढे टाकला होता. पाण्यासाठी मागे गेलो तर शेळी त्या घमेल्याला नाक लावून मागे सरत होती. जी शेळी दुर्गाबाईंचा पदर खाते, तिने तो चोथा खाल्ला नाही. तेव्हा मला कळलं, प्रीती. पूर्ण कळलं. आणि रिक्षा बोलवायच्या आधी मी घरात येऊन मशीन धुतली. ग्लास धुतला. का धुतला हे मला अजून सांगता येत नाही. भीती वाटली, एवढंच आठवतं. ती आत विव्हळत होती आणि मी मशीनची जाळी ब्रशने घासत होतो.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हणालो, काल लग्नात जेवलो. त्यांनी बिचाऱ्यांनी त्यावरून सलाईन लावलं. दुपारी उलटीत रक्त दिसलं तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. संध्याकाळी तू आलीस आणि आई रोज रस घेते हे तू सांगितलंस, मी नाही. ती गेल्यावर मी त्या डॉक्टरांना विचारलं होतं, सकाळीच कळलं असतं तर? ते म्हणाले, याच्यावर उतारा असा नाही, पण पहिले तास महत्त्वाचे असतात, नक्की काही सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' मी वर्षभर कधी या बाजूने वाचतो, कधी त्या बाजूने.

आणि मग ती गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी तू ओट्यापाशी उभी राहून मला विचारलंस, "पप्पा, रस कडू होता का? आई काही म्हणली का?" मी म्हणालो, "नाही. तू लिहून दिलंस तसाच केला होता."

तू लिहून दिलंस तसाच. हे शब्द मी उगीच वापरले नव्हते. ते बोलताना तुझ्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघितलं. तू मशीन पोत्यात घातलीस, गाठ मारलीस, आणि मी उंबऱ्यात उभा राहून बघत होतो. मला हलकं वाटत होतं. माझ्या स्वतःच्या लेकीच्या डोक्यावर ते ठेवून मला हलकं वाटत होतं. याच्याहून वाईट मी आयुष्यात काही केलं नाही. ज्योत्स्नाला मी चुकून मारलं. तुला मात्र ठरवून.

ती मला फार आठवते. घरात काही पडलं तरी मी अजून 'काय झालं गं' असं विचारतो.

हे पत्र पोस्टात टाकायची हिंमत नाही. टपालात हरवलं तर मी पुन्हा लिहिणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी घेऊन येतो.

पप्पा


नाशिक, तुझ्या इमारतीचा जिना
२० मे २०२५

प्रीती,

सोबतचं १८ तारखेचं पत्र आधी वाच, मग हे.

पहाटेच्या एसटीने निघालो, दुपारी पोचलो. वाटेत मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं की दार वाजवायचं, तू उघडलंस की कागद हातात द्यायचा आणि उभ्यानेच निघायचं. जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर भिंतीला लागून एक निळी प्लास्टिकची खुर्ची दिसली. राखणदाराची असेल असं वाटलं. दुसऱ्या मजल्यावर तशीच खुर्ची. तिसऱ्यावर पोचेपर्यंत मला दम लागला, म्हणून तिथल्या खुर्चीवर बसायला गेलो, तर पाठीला कागद चिकटवलेला. वरून चिकटपट्टी लावलेली, अक्षर तुझं, शाई फिकट झालेली. 'आईसाठी. कृपया हलवू नये.'

समोरच्या घरातल्या बाईंनी दार उघडून कोण पाहिजे विचारलं. मी सांगितलं, प्रीतीचे वडील. त्या म्हणाल्या, "त्यांच्या आई येणार होत्या ना, तेव्हा त्यांनी ठेवल्या. दीड वर्ष झालं असेल. आम्ही मध्ये विचारलं, आता काढायच्या का, तर नको म्हणाल्या. बसा तुम्ही, पाणी आणते."

म्हणजे ही ती सोय. मशीन यायच्या आधीची.

मी पायऱ्या मोजल्या. वरपर्यंत चौसष्ट आहेत आणि मध्ये तीन खुर्च्या. चौऱ्याऐंशी किलोची तुझी आई प्रत्येक खुर्चीवर बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याचं गाव विचारत, अर्ध्या तासात तुझ्या दारात पोचली असती. एक किलोसुद्धा कमी करायची गरज नव्हती. तिला हे ठाऊक होतं. ती मला सांगत होती आणि मी लिफ्टची चेष्टा केली.

हे तिसऱ्या मजल्यावर तिच्या खुर्चीत बसून लिहितो आहे. गुडघ्यावर वही ठेवली आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय, चालवून घे. वर तुझ्या घरात नळ वाहिल्याचा आवाज येतोय, म्हणजे तू आहेस.

उद्याच्या कार्यक्रमाला ये असं आता म्हणत नाही. कोणी विचारलं तर उत्तर मी देईन. वसंताला, भंतेजींना, अंगणात बसलेल्या सगळ्यांना, तुला लिहिलं तेच सांगेन. तू आलीस, न आलीस तरी सांगेन. मला माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझ्या हातात नाही, तिच्या होतं. फक्त मी तुझ्या डोक्यावर ठेवलेलं ते खाली उतरव. ते माझं आहे.

आता सोळा पायऱ्या चढून दोन्ही पत्रं तुझ्या दाराखालून सरकवतो आणि परत इथे येऊन बसतो. तुला काही बोलायचं असेल, शिव्या द्यायच्या असतील, तर मी एक मजला खाली आहे. शेवटची गाडी सहाची आहे, तोपर्यंत थांबेन. तू नाही आलीस तर निघून जाईन.

खुर्ची आहे तिथेच ठेवीन.

पप्पा